आठवी चिठ्ठी

कशेळीच्या बायकांच्या वाचन मंडळात पुस्तक रिकामं पुढे द्यायचं नाही, असा नियम होता. शेजारणीचं भांडं आपण रिकामं परत करतो का? चार वड्या, मूठभर वाल, काहीतरी घालूनच देतो. तसंच पुस्तकाचं. वाचताना जिथे जीव अडकला त्या पानात एक चिठ्ठी ठेवायची, नाव घालायचं नाही, आणि दहा दिवसांत पुस्तक स्वतः पुढच्या घरी नेऊन द्यायचं. आठ जणींची फेरी झाली की ते मंडळाच्या अध्यक्षांकडे, म्हणजे आक्काकडे यायचं. मग बैठकीत आक्का एकेक चिठ्ठी मोठ्याने वाचायची, कोणाची ते बाकीच्यांनी ओळखायचं, आणि हसता हसता चहा व्हायचा. नंतर चिठ्ठ्यांसकट पुस्तक अध्यक्षांनी स्वतः अंबाडीच्या मंडळाला नेऊन द्यायचं.

हा नियम आक्कानेच घातला होता. दिपालीला तो फार आवडायचा. आक्काला ज्यात अडकवायचं ते आक्काच्याच हातचं असावं, यात तिला एक नेटकेपणा दिसत होता.

दिपाली म्हणजे आक्काच्या थोरल्या दिराची, केसरीनाथची, मुलगी. वय सत्तेचाळीस. भिवंडीत डाइंगच्या कारखान्यांचं सांडपाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत ती वीस वर्षं नोकरीला होती. बोलायची कमी. तीन वर्षांपूर्वी तिने मंडळात नाव घातलं तेव्हा आक्काचा चेहरा पडला होता, पण चार बायकांसमोर पुतणीला नाही कसं म्हणणार?

नाही म्हणण्यासारखं कारण सदतीस वर्षांपूर्वीचं होतं.

दिपाली तेव्हा दहा वर्षांची आणि तिचा भाऊ अनंता सहाचा. ऑक्टोबरातला शुक्रवार. आक्काचा भाऊ न सांगता जेवायला आला, आणि आक्काने दुपारी एकला दोघा पोरांच्या हातात खेकड्यांसाठी टोपली दिली. "जा गो दिपे, चार चिंबोऱ्या बघून ये खाडीवरून. आज नवमी. चार वाजेतो खुशाल फिरा."

खाडीकाठच्या माणसांना घड्याळ लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. नवमी म्हणजे पावणेसात, अष्टमी म्हणजे सहा. हा हिशोब घरातलं शेंबडं पोरही करायचं, आणि आक्काचा तर कधी चुकतच नसे.

त्या दिवशी पाणी पाऊण तास आधी आलं. रेतीवाल्यांनी खणून ठेवलेल्या खड्ड्यांत ते आधी शिरलं, मग चिखलावर पसरलं. दिपालीच्या हातात अनंताचा हात होता. मग फक्त टोपली होती.

"पोरं सवताच गेली," आक्काने सांगितलं. "मी तं झोपले व्हते. दिपेनंच नेला त्याला."

दिपालीने खरं काय ते एकदा सांगितलं. आक्काने तिला सगळ्यांसमोर थोबाडीत मारली आणि "मेल्या भावावर बी खोटं बोलतंय" म्हणून हंबरडा फोडला. केसरीनाथ होडीवाला माणूस. त्याने लेकीकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "पान्याची येल कलत न्हवती, तं नेलास कनाला?" त्यानंतर तो तिच्याशी कधी बोलला नाही. तेराव्यानंतर दुसऱ्याच दिवशी तिला अंबाडीला मावशीकडे पाठवून दिलं. आईने पुढे नऊ वर्षं मासळीला हात लावला नाही, लेकीच्या केसांवरूनही फिरवला नाही, आणि ती गेली.

इतक्या वर्षांत दिपालीला स्वतःच्या आठवणीचीच शंका येऊ लागली होती. दहा वर्षांच्या पोरीची आठवण, तिला पुरावा कोण म्हणेल? गेल्या वर्षी तिने खटपट करून त्या सालचं पंचांग मिळवलं. त्या पंधरवड्यात सप्तमी दोनदा आली होती. पंचांग न बघता बोटांवर मोजणारं माणूस एक दिवस पुढे जाणार. शुक्रवारी होती अष्टमी, आणि बोटांवर मोजणारी बाई म्हणणार नवमी. तिथीवरून वेळ पोरं काढायची, पण घरात तिथी बोटांवर मोजायची ती आक्काच; ही चूक पोरीच्या डोक्यातून निघालेली असूच शकत नव्हती. ती एका ठरावीक बाईच्या ठरावीक बोटांवर झालेली चूक होती.

पंचांग मिटून तिने कपाटात ठेवलं. आनंद झाला नाही. आतलं काहीतरी मात्र थंड आणि घट्ट झालं.

आता केसरीनाथ आक्काच्याच घरात, बाहेरच्या खोलीला लागून असलेल्या खोलीत खाटेवर होता. हृदयाचं दुखणं. दिवाळीपर्यंत बघू, असं डॉक्टर म्हणाले होते. दिपाली दर महिन्याला जाऊन पायांशी बसायची. अनंताचं नाव निघालं की तो भिंतीकडे तोंड करायचा. तिने सांगून उपयोग नव्हता. बाबांच्या कानावर ते दिवाळीच्या आत जायला हवं होतं, आणि आक्काच्या तोंडून.

अशात प्रयोगशाळेतल्या तनयाने तिला एक कादंबरी दिली. आठ वर्षांच्या मुलीची बहीण तापाने जाते आणि घरातले सगळे मिळून तिचं नाव घेणं बंद करतात, एवढीच गोष्ट. त्यात एकशे बेचाळिसाव्या पानावर एक वाक्य होतं: 'घरात सगळेच रडत होते, म्हणून तिला रडायला जागाच उरली नाही.' दिपालीने ते एकदाच वाचलं. मग तिने कादंबरीला ब्राऊन पेपरचं कव्हर घातलं आणि पुढच्या बैठकीत मंडळासमोर ठेवली. "मी वाचली आहे. मी शेवटची राहीन. आधी तुम्ही वाचा."

पुस्तक फिरू लागलं. कमळाने ते गोदामातल्या ड्युटीवर नेलं आणि पॅकिंगच्या खोक्याआड बसून वाचलं. मेघाली तीन दिवस लेकीला जवळ घेऊन झोपली. चंद्रामावशी ज्याला त्याला सांगत सुटली की वाचा रे बाबांनो, माझा धाकटा दीर गेला तेव्हा मला पण कोणी इचारलं न्हवतं. आक्काची सून भाविका हिनेही वाचलं, पोळ्या करता करता. दिपालीकडे परत आलं तेव्हा पुस्तक फुगलं होतं. तिने चिठ्ठ्या वाचल्या नाहीत, नुसत्या मोजल्या. सात.

मग तिने आठवी लिहिली. एका ओळीची, त्याच वाक्याच्या पानात ठेवायला.

'त्या दिवशी नवमी नव्हती, अष्टमी होती.'

कोणाचं नाव नाही, आरोप नाही. बाकीच्या सातही जणींना त्यातून काहीही कळलं नसतं. कळलं असतं ते एकीलाच. आक्काने ती मोठ्याने वाचली तर शेजारच्या खोलीत बाबा ऐकणार. नाही वाचली, तर का नाही वाचली?

प्रयोगशाळेत प्रत्येक नमुन्याचे दोन भाग करतात. एक तपासायचा, दुसरा सील करून ठेवायचा, म्हणजे उद्या कारखानदार उलटला तर तोंडावर ठेवता येतो. दिपालीने तीच ओळ दुसऱ्या कागदावर लिहिली, पाकिटात घातली, जोडावर तारीख टाकून सही केली.

पुस्तक द्यायला ती कशेळीला गेली तेव्हा आक्का ओट्यावर वाल सोलत होती.

"काय गो, लय रडवतंय म्हनतात?"

"वाचून बघ."

"तू रडलीस का?"

"मी कुठे रडते, आक्का."

आक्काने हात पुसून पुस्तक घेतलं. "बरं केलंस आणलंस ते. तुजी काय चिठ्ठी हाय यात?"

"हाय की," दिपाली म्हणाली. भिवंडीत ती असं बोलत नसे. "तुला बरोबर ओळखू येईल."

बैठक रविवारी दुपारी चारला होती. आक्काच्या बाहेरच्या खोलीत चटया अंथरल्या होत्या. केसरीनाथच्या खोलीचं दार उघडंच असायचं, त्याला माणसांचे आवाज बरे वाटायचे. दिपाली दाराजवळ बसली.

आक्काने चष्मा लावला आणि पहिली चिठ्ठी काढली. "'ह्या पोरीच्या आजीची आणि माज्या सासूची गाठ घालून द्या. दोघींचं जमल.'"

"कमळा!" चौघी एकदम ओरडल्या. कमळाने पदर तोंडावर घेतला. "अगो हलू बोला, सासू शेजारच्याच घरात हाय!"

दुसरी मेघालीची, तिसरी चंद्रामावशीची. चौथी काशीची निघाली, तिचं बाळ गेलं होतं. आक्का छान वाचायची. योग्य जागी थांबायची, आवाज चढवायची, उतरवायची. दिपाली तिच्या हातांकडे बघत होती. हात स्थिर होते. पाचवी. सहावी. सातवी भाविकाची होती आणि ती ओळखल्यावर भाविका लाजली.

आक्काने पुस्तक मिटलं. "झालं. भाविके, चहा टाक."

"झालं कसं?" कमळा बोटांवर मोजत म्हणाली. "सातच झाल्या. दिपालीची ऱ्हायली."

"न्हाय गो. येवढ्याच व्हत्या."

"दिपाली, तू टाकली न्हवतीस?"

"टाकली होती," दिपाली म्हणाली.

"मग पडली आसल कुठं वाटंला," आक्का म्हणाली. "कागुदच तो."

भाविका चहाला उठता उठता थांबली. तिच्या मनात काही नव्हतं, ती बिचारी मदत करायला गेली. "नाही हो आई, पडली नाही. पुस्तक आलं तेव्हा आठ होत्या. मी मोजल्या ना, तुम्ही चष्मा शोधत होतात तेव्हा."

कोणी हसलं नाही. आक्काने सुनेकडे असं पाहिलं की ती भिंतीला टेकली.

आतून खाट करकरली. "भाविके," केसरीनाथचा आवाज आला. "काय लिवलंवतं त्या चिठ्ठीत, इचार तिला."

सदतीस वर्षं असंच चाललं होतं. तिला विचार. तिला सांग. दिपालीने पर्समधून पाकीट काढलं, वरची तारीख आणि सही सगळ्यांना दिसेल असं धरलं आणि फोडलं.

"'त्या दिवशी नवमी नव्हती, अष्टमी होती.'"

"आँ?" चंद्रामावशी म्हणाली. "पुस्तकात तिथी कुठं आली?"

"पुस्तकात नाही," दिपाली म्हणाली.

दिपालीला दारातून बाबांचा हात दिसत होता. अंगठा पेरांवरून सरकत होता, एक, दोन, तीन. होडीवाल्याचा हात. तो आठव्या पेरावर थांबला.

"अष्टमीचं पानी सहाला भरतं," केसरीनाथ सावकाश म्हणाला. "नवमी कोन बोल्लं?"

"मी दहा वर्षांची होते तेव्हा एकदा सांगितलं," दिपाली म्हणाली. आवाज चढला नव्हता. "आता मी सांगणार नाही. चिठ्ठीत कोणाचं नाव नाही, गाव नाही, साल नाही. ज्या बाईला ती वाचल्याबरोबर कळली आणि जिने ती काढून ठेवली, तिने सांगावं."

"मना काय म्हायती?" आक्का म्हणाली.

"मग काढलीत कशाला, आई?" भाविकाच्या तोंडून निघून गेलं.

आक्काचा हात कमरेशी गेला. सवयीने गेला असावा. नेसूच्या कनवटीला ती किल्ल्या, सुपारी, सगळं ठेवायची. हात तिथे गेला आणि तिथेच राहिला. सगळ्या बायका त्या हाताकडे बघत होत्या. मग तिने घामाने मऊ झालेली घडी बाहेर काढली.

"मी बोल्ले नवमी," ती म्हणाली. "मीच धाडलीवती पोरांना. भाऊ आलावता माझा. सप्तमी दोनदा आलीवती त्या पंधरवड्यात, ती माज्या ध्यानात न्हाय आली. पंचवीस वर्साची व्हते गो मी."

"मी दहाची होते."

आक्का रडू लागली. काशी उठून तिच्याकडे जाणार होती, पण दिपालीचा चेहरा पाहून बसली.

दिपालीचं लक्ष दोन शब्दांवर अडकलं होतं. सप्तमी दोनदा. हे तर तिलाही गेल्या वर्षी पंचांग उघडल्यावरच कळलं होतं. "आक्का, पंचांग कधी बघितलंस तू?"

आक्काने पदराने डोळे पुसले.

"कधी?"

"दहाव्याच्या आदी," आक्का म्हणाली.

म्हणजे दिपालीला अंबाडीच्या गाडीत बसवलं तेव्हा आक्काला सगळं माहीत होतं. तिच्या कपड्यांची पिशवी आक्कानेच भरली होती. दिपालीने येताना मनात थोडीशी जागा ठेवली होती, चुकलेल्या माणसासाठी असते तेवढी. ती आता तिने बंद केली.

"दिपे," आतून हाक आली. या वेळी थेट तिलाच. "हिकडं ये. माज्याजवल ये."

तरी ती लगेच गेली नाही. तिने आक्कासमोरचं पुस्तक उघडलं, एकशे बेचाळिसावं पान काढलं आणि पुढे धरलं.

"चिठ्ठी ठेव, आक्का. पुस्तक रिकामं जात नाही."

आक्काने डोळे वर केले.

"फेरी संपली की पुस्तक अध्यक्षांनी अंबाडीच्या मंडळाला नेऊन द्यायचं. स्वतः. तुझाच नियम. माझ्या मावशीच्या गल्लीतल्या बायका आहेत तिथे, त्यांनी मला वाढवलं. त्या विचारतील हे काय लिहिलंय. त्यांना सांग."

"दिपाली, मी म्हातारी बाई..."

"बसने तासभर लागतो. मी दहाव्या वर्षी गेले होते."

आक्काने चिठ्ठी पानात ठेवली. दिपाली ते पूर्ण होईपर्यंत बघत राहिली. मग तिने पुस्तक मिटून आक्काच्या मांडीवर ठेवलं आणि उठली.

सील फोडलेला दुसरा कागद चटईवर पडला होता. प्रकरण मिटलं की राखून ठेवलेला नमुना नष्ट करतात. दिपालीने तो उचलला, पाकिटात घातला, पाकीट पर्समध्ये ठेवलं, आणि बाबांच्या खोलीत गेली.