बुटाची नाडी

२०१८ सालची गोष्ट. भिंगारच्या मैदानावर मुलींच्या फुटबॉलचा जिल्ह्याचा अंतिम सामना होता. संघ अजून मैदानात उतरायचे होते आणि भागिरथी कडेला उकिडवी बसून नवऱ्याच्या बुटाच्या नाड्या बांधत होती.

"मॅनेजर म्हनं! सोळा पोरी सांभाळत्यात, अन् नाडी बांधायला बायकू लागती."

"गाठ घट्ट मार. बडबड ढिली सोड," भीमराजभाऊ म्हणाले.

त्यांचा उजवा गुडघा वाकत नाही. तो कसा गेला, ते मी पाहिलं आहे. एकोणऐंशी साली माझे यजमान शामकांत मला याच मैदानावर सामना दाखवायला घेऊन आले होते. भीमराज तेव्हा चोवीस वर्षांचा, आघाडीला खेळायचा. त्याच्या पायात चेंडू आला की बसलेली माणसं उभी राहायची. त्या दिवशी मात्र तो सारखा खाली वाकून नाडी बांधत होता. "अरे, याला कुणीतरी बरे बूट घेऊन द्या," असं शामकांत म्हणाले आणि आम्ही हसलो. शेवटी त्यानेच गोल मारला. लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन नाचवलं. खाली ठेवलं तेव्हा त्याला उभं राहता येईना. दुखणं लपवायला तो वाकत होता, हे तेव्हा कळलं. तो त्याचा शेवटचा सामना.

पुढे एसटीच्या वर्कशॉपमध्ये नोकरी केली आणि निवृत्तीनंतर आमच्या सावेडीत मुलींचा संघ उभा केला. मॅनेजर, शिक्षक, पाणी भरणारा, सगळं एकच माणूस. मुली मिळवायला ते घरोघर फिरले. एक आई म्हणाली, "उन्हात खेळून पोरगी काळी पडेल. मग लग्न कसं व्हायचं?" तर म्हणाले, "मी जन्माचा काळा हाय. माझं झालंच की!" चहाही तिथेच प्यायले आणि मुलगी घेऊनच उठले.

माझी नात मनवा त्यांची आघाडीची खेळाडू. त्या दिवशी राज्याच्या संघासाठी मुली निवडणारी मंडळी मांडवात बसली होती, आणि मनवाचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. पहिला गोल तिनेच मारला. मग एका मुलीची धडक बसून ती पडली, पण लगेच उठली. मला हायसं वाटलं. मध्यंतरानंतर समोरच्यांनी बरोबरी केली. तेवढ्यात मनवा वाकली आणि नाडी बांधू लागली. थोड्या वेळाने पुन्हा वाकली.

भीमराजभाऊंनी हात वर करून बदली खेळाडू मागितली.

मनवा तणतणत बाहेर आली. "सर, मला काही झालेलं नाही!"

"नाडी सुटली न्हवती तुझी."

"सैल झाली होती."

"मी बी आसंच म्हनायचो, बाळा."

मला राहवलं नाही. "भीमराजभाऊ, ती मंडळी समोर बसलीत. तिला दहा मिनिटं तरी खेळू द्या."

त्यांनी मैदानावरची नजर काढली नाही. "वहिनी, पुढच्या साली निवड पुन्यांदा व्हईल. गुडघा पुन्यांदा येत न्हाई."

आम्ही एका गोलने हरलो. मनवाने बूट काढून त्यांच्यासमोर टाकले. "तुम्हाला जिंकायचा गोल तरी मारायला मिळाला होता," ती म्हणाली. भागिरथी काही बोलायला निघाली, त्यांनी हातानेच थांबवलं. बूट उचलले, एकमेकांवर आपटून माती झाडली आणि माझ्या हातात दिले.

डॉक्टर म्हणाले, गुडघ्यातलं लिगामेंट अर्धं फाटलंय. वेळेवर थांबली म्हणून वाचली. तरी मनवा कित्येक महिने त्यांच्याशी बोलली नाही. पुढचं साल आलं, पण तिची निवड झाली नाही. त्याच्या पुढच्या साली कोरोनामुळे मैदानंच बंद होती. राज्याकडून खेळायचं तिचं राहिलं ते राहिलंच.

पुढचं पाहायला शामकांत उरले नाहीत. मी आता काठी घेऊन मैदानाच्या कट्ट्यापर्यंत जाते. मनवा विद्यापीठाकडून खेळली, आता सावेडीतल्या एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे. भागिरथी दोन वर्षांपूर्वी गेली. त्यानंतर भीमराजभाऊ मैदानावर चपला घालून यायला लागले. कुणी विचारलं तर म्हणायचे, "बूट चावत्यात."

नोकरी लागल्यावर मनवा त्यांच्या संघाला शिकवायला जाऊ लागली. पहिल्या दिवशी तिने त्या चपला पाहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन बूट घेऊन आली. ते खुर्चीवर बसले होते. मनवा त्यांच्यापुढे मातीत उकिडवी बसली.

"पाय पुढे करा, सर."

त्यांनी उजवा पाय सरळ पुढे केला.

"गाठ घट्ट मार," ते म्हणाले. पुढचं मात्र बोलले नाहीत.