अर्धी नाळ

पेरू हे देशाचं नाव असू शकतं, हेच मुळात मायाक्काला पटत नव्हतं. पण तिचं खरं भांडण होतं नाळेशी. तिच्या वाडग्यात, म्हणजे मेंढ्यांच्या कुंपणात, जन्मलेल्या कोकराची नाळ तिथंच पुरायची, मग ते कळप सोडून जात नाही, हा तिचा कायदा. लेक सुकन्या मात्र सोलापुरात दवाखान्यात जन्मली. तिची नाळ कुणी कुठं टाकली, देव जाणे. म्हणून तर पोरगी जनावरांची डॉक्टर झाली आणि आता अल्पाका नावाच्या लांबमान्या जनावराच्या नाळा तपासायला पेरूला निघाली!

त्यात जाण्याआधी तिला तुलनेसाठी मेंढीची नाळ हवी होती.

"न्हाय म्हंजे न्हाय," मायाक्का म्हणाली. "तू चाललीसच, आता कोकरूबी घालवतीस व्हय?"

बरीच हुज्जत झाल्यावर तोडगा निघाला. अर्धी नाळ वाडग्यात, अर्धी सुकन्याच्या बाटलीतून तिच्या सोलापूरच्या लॅबमध्ये.

झालं! कोकरू दुपारपर्यंत आईला चिकटून राही आणि ऊन कललं की सरळ सोलापूरचा रस्ता धरी. मायाक्काचं डोकं फिरलं. कोकरू पदराखाली घेऊन ती एसटीत बसली. कंडक्टरनं बघितलं तर म्हणाली, "नातू हाय, पडसं झालंय." आणि थेट लेकीच्या लॅबमध्ये धडकली.

"कुटं हाय बाटली? आण हिकडं."

बाटली रिकामी होती. नाळेच्या पातळ चकत्या रंगवून काचेवर चिकटवल्या होत्या. मायाक्कानं कपाळावर हात मारला. सुकन्यानं तिला कसंबसं सूक्ष्मदर्शकापुढं बसवलं. गुलाबी खळीत भोकं पडावीत, तसं काहीतरी दिसलं.

"ह्या दोन शिरा कोकराकडनं आईकडं जातात, ह्या दोन आईकडनं कोकराकडं. मधली बारकी नळी लघवीची."

"आन त्या अल्पाकाची?"

"अशीच. दोन जायच्या, दोन यायच्या."

"माणसाची गं?" मायाक्कानं डोळा न हलवता विचारलं. तिला भीती वाटत होती, आणि ती आवाजात उतरली.

"माणसाची येगळी. आईकडनं लेकराकडं एकच. लेकराकडनं आईकडं दोन."

मायाक्कानं भिंगावरनं डोळा काढला. मग हळूच म्हणाली, "म्हंजे आईपासनं लांब जायला एकच वाट, आन माघारी यायला दोन?"

सुकन्या रक्ताभिसरण समजावणार होती. पण तिनं आईचे डोळे बघितले आणि म्हणाली, "व्हय की."

"मग जा. पेरू बघून ये." मायाक्कानं कोकरू काखेत मारलं. "ह्येचं काय खरं न्हाय बाई. दोन जायच्या, दोन यायच्या. ह्येला मी दाव्यानंच बांधती."