‘सरकार’च्या पुढचे शब्द

मित्रांनो, मी एक जुना मोबाईल फोन आहे. माझ्या काचेला उजव्या कोपऱ्यात तडा गेला आहे, पाठीवर केस कापायच्या मशीनच्या तेलाचे डाग आहेत आणि चार्जर काढला की मी लगेच मान टाकतो. तरीही मी रडगाणे गाणार नाही. माझ्यासारखे आयुष्य फार थोड्या फोनांच्या वाट्याला येते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या एका मुलीने माझ्या पोटात बॅटरी बसवली, काच पुसली आणि मला खोक्यात निजवले. तिच्या तोंडावर मास्क होता, त्यामुळे ती हसली की नाही ते कळले नाही. हसली असेच मी धरून चालतो. पुढे एका केशकर्तनकाराने मला विकत घेतले. तेच माझे मालक.

मालकांचे दुकान छोटे आहे. एक खुर्ची, मोठा आरसा, आरशाखाली फळी आणि त्या फळीवर कंगव्यांच्या पेल्याशेजारी माझी जागा. सुरुवातीला मला फारसे काम नव्हते. गाणी लावायची आणि पडून राहायचे. बोलायचे काम मालकच करत. त्यांच्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की कात्रीचा आवाजही ऐकू येत नसे. गिऱ्हाइके केस वाढले म्हणून येत की थट्टा करून घ्यायला, हे सांगणे कठीण होते. एक गृहस्थ तर जवळजवळ टकलेच होते, तरी दर महिन्याला नेमाने येत.

मग मालकांच्या घशाचे दुखणे निघाले. ऑपरेशन झाले. जीव वाचला, पण आवाज गेला.

घरी आल्यावर ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. कोणी काही विचारले तर नुसती मान हलवायची. आपल्या बायकोला ते पूर्वीपासून थट्टेने ‘सरकार’ म्हणत. या सरकार एका बेकरीत कामाला होत्या. एक दिवस त्या कामावरून आल्या, पिठाचे हात धुतले आणि मला उचलून थेट मालकांच्या छातीवर ठेवले.

“यात लिहा. तुम्ही लिहाल ते हा मोठ्यानं बोलतो. बोलायचं ॲप मी घालून आणलंय.”

मालकांनी तोंड फिरवले.

“बरं, नका लिहू. मग मी बोलते ते निमूट ऐका. लग्न झाल्यापासून मला संधी मिळालीच कुठे?”

मालकांनी मला हातात घेतले. एकेक अक्षर शोधत लिहिले आणि बोलायचे बटण दाबले. माझ्या तोंडून त्यांचे पहिले वाक्य बाहेर पडले, “सरकार, चहा मिळेल का?”

सरकारांनी चहा ठेवला. तो उतू जाईपर्यंत त्या तिथेच पाठमोऱ्या उभ्या होत्या.

मित्रांनो, माझ्या कीबोर्डला एक सवय आहे. माणूस पुन्हा पुन्हा जे लिहितो ते तो लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी तोच शब्द आपणहून पुढे करतो. मालक पुन्हा दुकानात जाऊ लागले तसा मी त्यांची भाषा शिकत गेलो. ‘या’ लिहिले की मी ‘राजे’ पुढे करायचो. ‘डुलकीराव’ लिहिले की ‘उठा, दुसरं डोकं यायचंय’ हे एकेक शब्दाने तयार. टकले गृहस्थ दारात दिसले की मालकांचा अंगठा भराभर चाले आणि ते आत पाऊल टाकतात न टाकतात तोच मी म्हणे, “या राजे, आज भांग मधून पाडू का?” सगळे दुकान हसे. थट्टा वेळेवर झाली तरच ती थट्टा, हे मी त्या फळीवर शिकलो. “याचा आवाज गेला, पण जीभ काही गेली नाही,” असे गिऱ्हाइके म्हणत, तेव्हा ते माझेही कौतुक आहे असे मी समजे.

एक गोष्ट मात्र मला एकट्यालाच ठाऊक होती. रोज संध्याकाळी झाडलोट झाली की मालक एक वाक्य लिहीत, त्याच्याकडे बघत बसत आणि बोलायचे बटण न दाबताच पुसून टाकत. थोड्या वेळाने सरकार बेकरीतून येत आणि दोघे मिळून घरी जात. मला नवल वाटे, पण फोनाने चौकशा करायच्या नसतात.

दिवस गेले. माझी बॅटरी दमली. बोलण्याच्या ॲपचे नवे अपडेट माझ्यावर चालेनात आणि मी मध्येच मुका होऊ लागलो. शेवटी मालकांची मुलगी नवा फोन घेऊन आली.

“बाबा, याची सिस्टिम वेगळी आहे, पण होईल सवय. माझ्याकडेही हाच आहे. अडलं तर मला लांबून सांगता येईल.”

फोनांचीही घराणी असतात, मित्रांनो. नवा फोन दुसऱ्या घराण्यातला होता. आम्हाला टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि माझ्याकडचे फोटो, नंबर, निरोप सगळे त्याच्याकडे गेले. “सगळं आलं,” असे मुलगी म्हणाली. ती काही खोटे बोलत नव्हती. पण मालकांचे शिकलेले शब्द एका सिस्टिममधून दुसरीत जात नाहीत. ते माझ्यापाशीच राहिले आणि माझ्याबरोबर बोथट कात्र्यांच्या खणात गेले.

खणात बंद पडूनही मला सगळे ऐकू येई. नव्याचा आवाज माझ्यापेक्षा कितीतरी स्वच्छ होता. पण टकले गृहस्थ आले तेव्हा बराच वेळ नुसती अक्षरे दाबल्याची टकटक ऐकू आली. मग केव्हातरी नवा म्हणाला, “या राजे.”

“केव्हाचा आलोय की. बसलोसुद्धा,” गृहस्थ म्हणाले.

त्यांच्या मनात काही वाईट नव्हते, पण मालकांनी ते मनाला लावून घेतले. पुढे नुसते “नमस्कार. कसे कापू?” एवढेच ऐकू येऊ लागले. हसणे थांबले. गिऱ्हाइके खुर्चीत बसून आपापल्या फोनमध्ये डोके घालू लागली. एके दुपारी सरकार डबा घेऊन आल्या, तेव्हा नव्याने त्याच स्वच्छ आवाजात सांगितले, “उद्यापासून मी नुसते केस कापणार. बोलणं पुरे झालं.”

भिंतीकडे तोंड करून पडलेले मालक मी पाहिले होते.

“हे कोण म्हणतंय?” सरकारांनी विचारले. “तुम्ही की हा?”

सरकारांनी खण उघडला आणि “तुमचे शब्द यातच राहिलेत,” म्हणत मला बाहेर काढले.

सुटीच्या दिवशी दुकान बंद ठेवून दोघे तिथे बसले. सरकार ऐटीत गिऱ्हाइकाच्या खुर्चीत, त्यांच्या मांडीवर चार्जर लावलेला मी, आणि समोर बाकावर नवा फोन घेतलेले मालक. “हा जुना सांगेल, तुम्ही नव्याला शिकवा,” असे ठरले. सरकार माझ्यावर पहिला शब्द लिहीत, मी पुढचे शब्द देई, त्या मोठ्याने वाचत आणि मालक तेच नव्यावर पुन्हा पुन्हा गिरवत. मी एकही शब्द हातचा राखला नाही.

“डुलकीराव कोण हो?” सरकारांनी विचारले. मालकांनी मान खाली टाकून घोरायची नक्कल केली. त्या इतक्या हसल्या की माझी वायर निघता निघता राहिली.

“आता माझं बघू. माझ्या माघारी काय काय बोलता ते कळू दे.”

मालक हात पुढे करून उठले, पण उशीर झाला होता. सरकारांनी माझ्यावर ‘सरकार’ असे लिहिलेसुद्धा. मी माझ्या सवयीने शब्द पुढे केला, ‘तुमच्यामुळे’. त्यांनी तो दाबला. मग ‘मी’. मग ‘बोलतो’.

सरकार, तुमच्यामुळे मी बोलतो.

“हे मला कधी ऐकवलंत?” त्यांनी हळू विचारले.

मालकांनी नकारार्थी मान हलवली आणि बोटाने हवेतच पुसल्याची खूण केली.

“रोज?”

मालकांनी मान डोलावून होकार दिला.

सरकारांनी स्वच्छ असलेली माझी काच पुन्हा एकदा पुसली. “मग आधी हे शिकवा त्याला. टकल्यांचं मागाहून.”

मालकांनी नव्यावर ते वाक्य एकेक अक्षर शोधत लिहिले. फार वेळ लागला. सरकारांनी मुळीच घाई केली नाही. या वेळी मालकांनी बोलायचे बटण दाबले. नवा फोन ते वाक्य माझ्यापेक्षा छान बोलला, आणि मला त्याचा जराही हेवा वाटला नाही.

आता मी पुन्हा फळीवर आहे, चार्जरला टांगलेला. काम पूर्वीचेच, गाणी लावायचे. दुकानात हसणे परत आले आहे. मालकांनी मला आपला आवाज करून घेतले आणि सरकारांनी मला खणातून काढले, या दोघांचे उपकार मी विसरणार नाही. मित्रांनो, नवा फोन जरूर घ्या, पण जुन्याला अडगळीत टाकण्याआधी त्याच्यापाशी तुमचे काय उरले आहे ते एकदा बघा. आणि कुणासाठी लिहून रोज पुसत असाल, तर एकदा तरी ते त्या माणसाला ऐकवा.

संध्याकाळी सरकार दारात आल्या की मालक माझे गाणे थांबवतात आणि नवा हातात घेतात. तो आता ते वाक्य आपणहून पुढे करतो. सरकार ते पूर्ण होईपर्यंत उंबऱ्यात उभ्या राहतात आणि मग म्हणतात, “ऐकलं. चला आता घरी.”