कानावरची दुसरी खाच

तादापचा ताप सहाव्या दिवशीही उतरला नव्हता. न्यूबूने, म्हणजे आमच्या पुजाऱ्याने, कोंबडीचं काळीज न्याहाळून सांगितलं होतं, डोंगरावरच्या देवाने याचा जीव धरून ठेवलाय, याचंच मिथुन, रानात मोकळं चरणारं याचं गुरू, बळी दिलं तर सोडेल.

तादापच्या धाकट्या भावाने, तारिनने, दोन दिवस रान तुडवून एक दांडगी मिथुन गाय दोराने ओढून आणली. सकाळी बांबूच्या वेदीसमोर तिला बांधलं आणि न्यूबूने मंत्र सुरू केले.

तादापची बायको यारम एका जागी ठरत नव्हती. चुलीपाशी जाई, नवऱ्याच्या कपाळाला हात लावी, परत अंगणात येई. शेवटी मूठभर मीठ घेऊन ती गायीसमोर उभी राहिली. गायीने फुरफुरून तोंड फिरवलं. घरची गाय मीठ कधी सोडत नसे.

यारमने तिचा डावा कान चाचपला. खाचा दोन होत्या, पण दुसरीची कड वेडीवाकडी होती. ती सुरीने कापलेली नव्हती, काट्याने फाटलेली होती. तादापच्या गुरांची खूण दोन खाचांची, शेजारच्या गोल्लोच्या गुरांची एका खाचेची.

मंत्र मध्येच तोडणं वाईट. घरातून तादापचं कण्हणं ऐकू आलं.

“आजोबा, थांबा,” ती न्यूबूला म्हणाली. “ही आमची नाही.”

“वहिनी, दोनपर्यंत मोजता येतं मला,” तारिन वैतागला.

“मोजता येतं, भावजी. बघता येत नाही.”

जमलेल्यांतून गोल्लो पुढे आला, त्याने कान पाहिला आणि तारिनकडे वळला. “माझ्या गायीला तू बरंच फिरवलंस की रे.” कोणी हसलं नाही.

न्यूबू म्हणाला, “ऊन समोरच्या कड्याच्या टोकावर चढेपर्यंत मी बसून राहीन. त्यानंतर माझे शब्द फुकट जातील.”

तारिन दोर उचलू लागला. “मी येतो.”

“तू नको. तुला बघून आपली गाय पळते.”

यारमने तादापची मिठाची बांबूची नळी घेतली आणि ओढा ओलांडून चढू लागली. जळवा पायाला चिकटल्या, तिने काढल्या नाहीत. तादाप जिथे मीठ ठेवायचा त्या खडकावर तिने नळी तीनदा आपटली, त्याच्यासारखीच. वाट पाहिली. पुन्हा आपटली. ऊन अर्ध्या कड्यावर आलं होतं.

झुडूप हललं. आधी पांढरे पाय दिसले, मग काळं अंग. गाय सरळ आली आणि तिच्या तळहातावरचं मीठ चाटू लागली. यारमने कान उलटा करून पाहिला. दोन खाचा, दोन्हींच्या कडा गुळगुळीत.

दोर लागलाच नाही. यारम पुढे चालली, गाय मागून आली. दर दहा पावलांवर तिची खरखरीत जीभ यारमच्या बोटांना लागत होती. गावाची छपरं दिसली, बसलेला न्यूबू दिसला. ऊन कड्याच्या टोकाशी पोचायला थोडंच उरलं होतं. यारमने हात मागेच ठेवला आणि पावलं भराभर उचलली.