दारावरची पाटी

चारुलता जगदाळेला सरकारी प्रयोगशाळेतून आलेलं मुलाखतीचं पत्र एकदा परत गेलं होतं. वर शेरा होता, 'या नावाचं कोणी राहत नाही.' तिने विनंत्या करून दुसरं मागवलं होतं. आता तेही परत गेलं, तर नोकरीचा विषय संपला.

"मी तरी काय करू, बाईजी?" पोस्टमन शाम म्हणाला. "तुकोगंजात नवीन आहे मी. घराला बोर्ड नाही, नंबर नाही. दारं हुंगत फिरू का?"

तेव्हा पाटी करायची ठरली. कॉलेजात चारुलताने रसायनांच्या दोनशे बाटल्यांवर इनॅमलने नावं घातली होती, आणि त्यातली बरीच अजून ॲसिडला पुरून उरली होती. पत्रा पिवळा रंगवून वाळवला आणि सासरे दौलतराव मजकूर सांगायला बसले. सर्वांत वर गजानन. मग मार्तंड. मग कुलस्वामिनी. मग 'सरदार', आणि त्यानंतर दरबारातल्या चार पदव्या. संस्थान जाऊन दहा वर्षं झाली होती, मध्य प्रदेशही दोन वर्षांचा झाला होता. पदव्यांना कोणी कळवलं नव्हतं.

"आणि माझं नाव?"

"जागा उरली तर खाली."

"मामंजी, पत्रा दीड फुटाचा आहे. एवढं मावायला अक्षर मुंगीएवढं काढावं लागेल. रस्त्यावरून कोणाला वाचता येणार?"

"मला येईल."

"देवांना या पत्त्यावर आजवर एकही पत्र आलेलं नाही," सासूबाई इंदिराबाई मेथी निवडता निवडता म्हणाल्या. "त्यांना देवघरातच बसू द्या."

दौलतरावांना ऐकू छान येत होतं. दिसत मात्र नव्हतं. एकाहत्तराव्या वर्षी चष्मा लावणं म्हणजे म्हातारपण कबूल करणं, म्हणून तो कपाटात पडून होता.

चारुलताने निळीत बुडवलेली दोरी ताणून पत्र्यावर दोनच शिरोरेषा उमटवल्या, कोळशाने त्यांच्याखाली दोनच नावं लिहिली आणि पत्रा दाराला टेकवला.

"मामंजी, समोरून वाचून बघा. वाचता आलं तर पक्का रंग देते."

दौलतराव रस्ता ओलांडून पानाच्या ठेल्यापाशी उभे राहिले. छाती काढून त्यांनी खणखणीत आवाजात गजानन वाचला, मार्तंड वाचला, कुलस्वामिनी वाचली, चारही पदव्या एका दमात वाचल्या. ठेल्यावरच्या चौघांनी पाटीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"क्या नजर है, सरदार साब," पानवाला म्हणाला.

ते रुबाबात परत आले आणि पत्र्याला नाक लावलं. 'दौलतराव जगदाळे.' खाली, तेवढ्याच उंचीचं, 'सौ. चारुलता जगदाळे, बी. एस्सी.'

"बाकीचं कुठे गेलं?"

"आत्ताच वाचलंत की. चौघांदेखत."

दौलतरावांनी मागे वळून पाहिलं. पलीकडची माणसं हलली नव्हती, असं त्यांना वाटलं.

"काळा रंग दे," ते हळूच म्हणाले. "आणि जाड दे. त्या पानवाल्याची नजर अधू आहे."