बारा ओळी, बारा रेघा

मित्रांनो, मी एक जुनी लाल पेन्सिल आहे. जुनी म्हणजे आता बोटाच्या पेराएवढी उरलेली. रसायनीच्या एका कारखान्यात, कमळाकर सुपरवायझरांच्या टेबलाच्या खणात माझं आयुष्य गेलं. माझ्या रंगाचा मला फार तोरा होता. निळं पेन पानंच्या पानं खरडायचं, पण माझी एक रेघ पडली की माणसं थांबून वाचायची.

गेल्या वर्षी मुख्य कचेरीतून सुरक्षेचे बारा नियम आले. सोबत इंग्रजीत सूचना होती, की हे मराठीत फलकावर लावा आणि महत्त्वाचं ते ‘एम्फसाइझ’ करा. कमळाकरांना तो शब्द अडला. त्यांनी खोपोलीला घरी फोन लावून बारावीतल्या हर्षलाला, आपल्या लेकीला, विचारलं. ज्या ओळीने जीव वाचतो तिच्यावर भर द्यायचा आणि बाकीच्या साध्या ठेवायच्या, असं तिने नीट समजावलं.

शब्द कळला, पण वापरायची वेळ आली तेव्हा कमळाकरांचा हात कचरला. तपासणीला मुख्य कचेरीतले साहेब येणार होते. साहेबांचा नियम साधा कसा म्हणायचा? त्यांनी बाराही ओळींखाली माझ्या रेघा ओढल्या. खोटं कशाला बोलू, मीही फुशारले. साहेब ‘व्हेरी गुड’ म्हणून गेले.

कामगारांना तो फलक लग्नपत्रिकेसारखा लालच लाल दिसे. येताजाता बघत सगळे, वाचत कोणी नसे. टाकीत एकट्याने उतरू नये, ही नववी ओळ होती. तिच्याखाली जी रेघ, तीच चपला रांगेत ठेवण्याच्या ओळीखालीही. खालापूरचा धनेश कामाला लागून महिना झाला होता. एका दुपारी तो टाकी धुवायला एकटाच उतरला. आतल्या वायूने तो गुदमरला. बाहेर काढलं तेव्हा उशीर झाला होता.

दहा दिवसांनी त्याची बायको मैना त्याचा डबा न्यायला आली. तिला वाचता येत नव्हतं. फलकापुढे उभी राहून तिने कमळाकरांना विचारलं, “भाऊ, यातली ह्यांच्यासाठीची ओळ कंची हाय?”

कमळाकरांनी नवव्या ओळीवर बोट ठेवलं. मैनाने तिच्याखालची रेघ पाहिली, मग बाकीच्या अकराही.

“मंग ती येगळी का नाय केलीत?”

त्या दिवसापासून कमळाकरांनी मला पुन्हा हात लावला नाही आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. मित्रांनो, तुमच्या दप्तरात माझी एखादी बहीण असेल. तिला जपून वापरा. जिथे कुणाचा जीव अडकला आहे, तिथेच तिची रेघ पडू द्या.