रिकामी चौकट

पासवर्ड टाकला, एंटर दाबलं, पडदा क्षणभर काळा झाला आणि परत तेच निळं पान पुढ्यात. पासवर्ड टाका. अरे, आत्ताच तर टाकला. सकाळपासून हाच खेळ चालला होता. कधी आत घ्यायचं, कधी उंबऱ्यावरूनच हाकलायचं, आणि आत घेतलंच तर जरा जड पान उघडलं की काम अर्धवट टाकून बाहेर काढायचं. माणसांचा हा गुण मला ठाऊक होता, यंत्राचा नव्हता.

"ताई, भाऊसाहेबाचं पान झालं काय?" केबिनमधून श्यामभाऊंनी विचारलं.

"कुठून होते? कॉम्प्युटर आतच घेऊन नाही राह्यला मले. काल तुमी काय दाबलं याच्यावर?"

"अपडेट मांगे तो. सारखी किरकिर. देऊन टाकलं."

असा आमचा मालक. मागेल त्याला देऊन टाकतो, फक्त कामावरच्या माणसाने काही मागायचं नाही.

राजापेठेत ट्यूशन क्लासच्या जिन्याखालून आत गेलं की आमच्या 'गावशीव' साप्ताहिकाचं ऑफिस लागतं. मी तिथली डीटीपी ऑपरेटर, संध्या तायडे. बातम्या मी लावते, जाहिराती मी लावते, आणि जुने मालक रामरावजी गेल्यापासून, म्हणजे त्यांचा मुलगा श्यामभाऊ संपादक झाल्यापासून, बातम्या लिहितेही मीच. पण पेपर चालतो तो दोन गोष्टींवर. पुढाऱ्यांचे वाढदिवस आणि लोकांची मयत. वाढदिवसाचं मला काही वाटत नसे, तो उकिरडा मी हात न लावल्यासारखा उपसून टाकत असे. मयतीच्या जाहिराती मात्र मन लावून करायची. कोणाच्या नावाआधी कैलासवासी लागतं, कोणाला वैकुंठवासी, कोणाच्या घरी मरहूम, हे मला तोंडपाठ. आमच्यात कालकथित लिहितात. आयुष्य गेलं दुसऱ्यांची मेलेली माणसं चौकटीत बसवण्यात. स्वतःचं माणूस मी कधी छापलं नव्हतं.

त्या आठवड्यात छापणार होते. माझी माय, मनकर्णा देवराव तायडे, वलगावची. जन्मभर लोकांच्या वावरात निंदण-खुरपण केलं. अक्षर एक कळत नव्हतं, पण माझा पेपर आला की उलटा-सुलटा करून बघायची आणि शेजारच्या बायांना सांगायची, "हे सारं माह्या संध्यानं लिवलं हाय." तिला जाऊन रविवारी वर्ष होत होतं. दोन कॉलम जागा मी मागितली. श्यामभाऊ म्हणाले होते, "टाका ना ताई, घरचाच पेपर आहे." भाचीच्या लग्नातला तिचा फोटो होता माझ्याकडे, डोक्यावर पदर आणि तोंडभर हसू. तो मी घासूनपुसून, रंग सारखे करून तयार ठेवला होता. वलगावात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की या रविवारी पेपरात माय येणार.

पण त्याच अंकात आमच्या भागातले पुढारी भाऊसाहेब यांचा वाढदिवस आला. चार रंगीत पानांची पुरवणी. मधल्या पानावर वर भाऊसाहेबांचं हे एवढं मोठं तोंड, गॉगलसकट, आणि खाली शुभेच्छुकांची फौज, ओळीने चौकटी. त्या पानाचं वजन आमच्या कॉम्प्युटरला पेलत नव्हतं. कोंबडा उजवीकडे सरकवला की पडदा काळा, मी बाहेर. कोंबडा म्हणजे भाऊसाहेबांची निवडणुकीची निशाणी. मी दर मिनिटाला काम जतन करत, शिव्या घालत, दुपारपर्यंत पान ओढत आणलं. शेवटी एक चौकट तेवढी उरली. कोणी व्यापारी होते, त्यांचा फोटो यायचा होता.

"फोटो आला की लावते," असं सांगून मी किराणा दुकानात गेले. रविवारच्या जेवणासाठी तूरडाळ आणि तांदूळ सांगायचे होते. तिथे गर्दी होती. परत आले तर श्यामभाऊ माझ्या खुर्चीवरून उठत होते, एकदम खूश.

"झालं ताई तुमचं काम. पान पुरं केलं मी, प्रेसले धाडून बी दिलं."

"व्यापाऱ्याचा फोटो आला?"

"तो फिरला. तिकडच्या पार्टीत चालला म्हनतात. केलं मी बराबर."

टेबलावर प्रूफ पडलं होतं. मी उचललं. शेवटच्या चौकटीत माझी माय हसत होती.

मागचा लग्नाचा मांडव काढून तिथे पार्टीचा रंग भरला होता. डोक्यावरचा पदर अर्धा कापला होता. खाली ओळ होती, 'भाऊसाहेबांवर निष्ठा असलेली एक माउली'.

मी प्रूफ श्यामभाऊंच्या नाकासमोर धरलं.

"हे काय केलं, श्यामभाऊ?"

"अवो, फोटो हसरा होता. बायामान्साचा एक पाह्यजेच होता त्या ओळीत. नाव टाकलं नाही मी, कोन वळखते?"

"मी वळखते. पुरा वलगाव वळखते. मरून वर्ष झालं तिले."

"म्हनून त म्हनलं ना, तिची काही तक्रार नसनार." आणि ते हसले. हसला तो माणूस. "आन् ते दोन कॉलम मले दुसऱ्या शुभेच्छाले लागले. काल रातीच काढले, ते पानं तर छापून बी झाले. तुमचा तो स्मृतिदिन पुढच्या आठवड्यात घेऊ."

मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे लोक असतात असं ऐकलं होतं. रोज त्यांच्या हातून पगार घेत होते हे त्या दिवशी कळलं. आणि मरणाची तारीख पुढच्या आठवड्यात घेऊ म्हणे. जसं काही सत्यनारायण होता.

वर दुसऱ्या कोणाचं तोंड असतं तर मायला तरी चाललं असतं. या भाऊसाहेबांच्या माणसांनी एका निवडणुकीत आमच्या वस्तीत लुगडी वाटली होती. सगळ्या बायांनी घेतली, गरज होती म्हणून घेतली, त्यात मी कोणाला नावं ठेवत नाही. मायने मात्र दारातूनच परत दिलं. म्हणाली, "मले लुगडं घेऊन देनारी पोरगी हाय." तिला आता त्या माणसाच्या पायाशी हसत बसवलं होतं, आणि तेही माझ्याच हाताने साफ केलेल्या फोटोतून.

"काढा ते," मी म्हटलं.

"चौकट रिकामी ठेवता येत नाही, ताई. रिकामी चौकट पाह्यली का लोक समजतात, कोनीतरी फुटलं. भाऊसाहेब मले फाडून खातीन."

"मंग तुमचा फोटो लावा."

"माहा वरतं आहे ना, संपादक म्हनून."

"वहिनीचा लावा."

"तिचा बी आहे," ते म्हणाले, आणि फोन वाजला म्हणून केबिनमध्ये गेले.

मी प्रेसला फोन लावला. तिथला संघपाल ओळखीचा. त्याला म्हटलं, "बाबू, मधल्या पानाची प्लेट थांबव. चूक झाली. नवं पान देते."

"ताई, ते शेवटचंच पान आहे. चहा पिऊन येतो तवर द्या, मंग मले थांबता येत नाही."

मी खुर्चीत बसले. पासवर्ड टाकला. काळं, निळं. पुन्हा टाकला. काळं, निळं. श्यामभाऊंनी खुर्चीवरून उठताना बंद-चालू केलं होतं, आणि आता तो अजिबातच आत घेईना. सकाळी निदान भीक घातल्यासारखं अधूनमधून घेत होता. माझी माय त्या डब्यात आत, त्या गर्दीत, आणि मी बाहेर. मी टेबलावर हात आपटला. हात दुखला, डब्याला काही झालं नाही.

कॉम्प्युटर चालवणारी ही लिनक्स नावाची सिस्टिम आमच्याकडे बसवली होती दामिनीने. ती कॉम्प्युटर दुरुस्तीची कामं घेते. आधीची चोरीची सिस्टिम सारखी व्हायरसने मरायची, म्हणून तिने हे फुकटातलं आणि सरळमार्गी टाकून दिलं होतं, आणि फोटोचं काम चालावं म्हणून एक जुनं ग्राफिक्स कार्डही घातलं होतं. तिला फोन केला तर ती चांदूर बाजारला कुठल्याशा सोसायटीच्या ऑफिसात होती.

"अपडेट केलं कोनी?" तिने पहिलंच विचारलं.

"मालकानं."

"मंग झालं. ताई, सिस्टिम नवी झाली आन् कार्डाचा ड्रायव्हर, म्हंजे ते कार्ड चालवनारा प्रोग्राम, राह्यला जुना. घरात सून आली आन् सासू चुलीवरून उठून नाही राह्यली. तुमी पासवर्ड बराबरच टाकून राह्यल्या. तो आत घेते, पडदा दाखवाले जाते, ते जमत नाही, म्हनून तुमाले बाहेर काढते."

"मले ग्यान नको बाई. आत कशी जाऊ?"

"कंट्रोल, ऑल्ट आन् एफ-तीन, संगंच दाबा."

दाबलं. सगळं चित्र गेलं. काळ्या पडद्यावर पांढरी एक ओळ. तिथे पासवर्ड टाकायला गेले तर काहीच उमटेना. म्हटलं, कीबोर्डही मेला.

"उमटत नाही तिथं. तो पाहून राह्यला, तुमाले दाखवत नाही. टाका आन् एंटर मारा."

खरंच घेतलं. मग तिने एकेक अक्षर सांगितलं, मी टाकत गेले. एकदा चुकलं, तो इंग्रजीत काहीतरी करवादला. दुसऱ्यांदा बरोबर. तो जुना ड्रायव्हर काढू लागला, ओळींमागून ओळी वर सरकत गेल्या. तेवढ्यात केबिनचं दार वाजलं, पण श्यामभाऊ फोनवर बोलत बोलतच बाहेर पान खायला निघून गेले.

"आता बंद करून चालू करा," दामिनी म्हणाली. "पडदा साधा दिसन, मोठा मोठा, धिमा चालन. पन बाहेर नाही काढनार. एवढी घाई कायची आहे, ताई?"

मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "करा तुमी. मी लाइनीवरच आहे."

आत गेले. सगळं फुगून मोठं झालं होतं, आणि पान उघडलं तर ते वरून खाली एकेक पट्टी करत उमटू लागलं. आधी भाऊसाहेबांचं कपाळ. मग गॉगल. मग कलप लावलेली मिशी. पडद्यात दुसरं काही मावेचना. त्या माणसाचा चेहरा इतक्या जवळून कोणी बघू नये. त्याच्या नाकावरून, गालावरून, हारातून मी एकेक टिचकीने खाली सरकत होते आणि दर टिचकीला तो पुन्हा पहिल्यापासून उमटत होता. शुभेच्छुकांची तोंडं आली. हसणारे, हात जोडणारे, फोन कानाला लावून फोटो काढून घेतलेले. यातल्या निम्म्यांना मी वर्षभरापूर्वी दुसऱ्या पुढाऱ्याच्या पानावर बसवलं होतं.

शेवटी माय आली. आधी कापलेला पदर, मग डोळे, मग ते हसू. मी तिला पूर्ण उमटू दिलं. मग काढलं. खालची ओळही काढली. पान जतन केलं, संघपालला धाडलं, आणि फोन करून म्हटलं, "जुनं फेक, हे घे."

"ताई, एक चौकट रिकामी दिसून राह्यली."

"तशीच आहे ती. छाप."

श्यामभाऊ तोंडात पान घेऊन परतले तोवर प्लेट झाली होती. ते काय काय बोलले ते मी इथे लिहीत नाही, माझं तोंड विटाळेल. शेवटी म्हणाले, "उद्यापासून येऊ नका." मी म्हटलं, "उद्या तशीबी येनार नव्हते. उद्या माह्या मायचा कार्यक्रम आहे." पर्स उचलली आणि जिन्याखालून बाहेर आले.

रविवारी सकाळपासून फोन थरथरत होता. मधेच एकदा बघितला. श्यामभाऊंचा निरोप होता. 'भाऊसाहेबाच्या ऑफिसातून सारखे फोन येऊन राह्यले. त्या चौकटीतून कोन फुटला म्हनून इचारतात. काय सांगू?' मी फोन बंद करून पर्समध्ये टाकला. वाटलं, शोधत बसा म्हणावं.

वलगावच्या विहारात माणसं जमली होती. जयभीम, जयभीम करत मी सगळ्यांना बसवत होते, आणि पेपरात माय कुठे आहे असं प्रत्येक जण विचारेल अशी धास्ती होती. कोणी विचारलं नाही. विचारलं ते पौर्णिमामावशीने. माय आणि ती जन्मभर एकाच वावरात शेजारशेजारच्या ओळीने निंदत गेलेल्या. तिने कोणाकडून तरी पेपर मागवून घेतला होता आणि पायरीवर बसून पुरवणी चाळत होती.

"कोन्या पानावर हाय वं मनकर्णा?"

मी तिच्याजवळ बसले. खोटं सांगायला जीभ वळेना. मधलं पान उघडून चौकटीवर बोट ठेवलं.

"इथं टाकली होती, मावशी. मी काढली."

मावशीने चष्मा सारखा केला. वरचं मोठं तोंड बघितलं. मग ओळीने एकेक चेहरा बघत खाली आली आणि त्या पांढऱ्या चौकटीपाशी थांबली. आत वंदना सुरू होत होती.

"बरं केलं वं काढली," ती म्हणाली. "या लोकाईत तिले करमलं नसतं."